‘छान आहे’ म्हणतात, पण पुन्हा कुणी डाव मांडत नाही

प्रश्न : बऱ्याच दिवसांपासून मी चौघांसाठी एक बोर्ड गेम तयार करतो आहे. नदीकाठच्या बंदरांमधला व्यापार हा विषय. आपल्या पाळीला फासा टाकायचा, होडी तेवढी पुढे न्यायची, बंदरात माल घ्यायचा किंवा विकायचा, पैसे साठले की नवी होडी घ्यायची आणि शेवटी घटनेचं एक पान उचलायचं. १५ फेऱ्या झाल्या की ज्याच्याकडे जास्त नाणी तो जिंकला. घटनांची ६२ पानं आहेत : वादळ, चाचे, दुष्काळ, जकात वगैरे. घरच्यांनी आणि मित्रांनी खेळून पाहिला, मीही त्यांच्याबरोबर खेळलो. सगळे ‘छान आहे’ म्हणाले, पण ‘चला, पुन्हा मांडू’ असं अजून कुणी म्हटलेलं नाही. एक डाव तीन तास चालतो. खेळांची परीक्षणं लिहिणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने खेळून सांगितलं की कोण जिंकणार ते निम्म्यातच कळतं आणि बाकीचे नुसते बसून राहतात. मला ते फार लागलं. आता मी सगळ्यात मागे असलेल्याला दर फेरीत पाच नाणी मदत द्यायचा नियम घालतो आहे, शिवाय घटनांची आणखी २० पानं. चित्रं तयार आहेत. साठवलेल्या पैशातून ५०० प्रती छापून घेऊ का? अनोळखी लोकांना दाखवला तर कल्पना चोरीला जाईल अशी भीती वाटते. आणि एक वेगळं : एका मैत्रिणीचा खेळ नुकताच बाजारात आला आहे, तिने मला त्याचं परीक्षण लिहायला सांगितलं आहे. तो मला फारसा आवडला नाही. काय करू?

उत्तर :

इतक्यात छापू नका. चित्रं बाजूला ठेवा, पाच नाण्यांचा नियम काढून टाका आणि ती २० पानं लिहायला घेऊ नका. तुमच्या खेळात काहीतरी नक्की आहे, नाहीतर घरची माणसं तीन तास टेबलाशी बसली नसती. पण तो अजून तुमच्याच हातात आहे. दुसऱ्यांच्या हातात तो कसा वागतो हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही, आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळणार आहेत.

घरच्यांना दोष देऊ नका. ज्याने खपून खेळ बनवला तोच समोर बसून ‘कसा वाटला?’ विचारतो, तेव्हा माणूस दुसरं काय म्हणणार? ते उत्तर तुमच्याबद्दलच्या मायेतून येतं. खेळाबद्दलचं उत्तर त्यांनी वेगळ्या रीतीने दिलेलं आहे आणि तुम्ही ते बरोबर ऐकलंही आहे : त्यांनी पुन्हा डाव मांडला नाही. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आश्वासक वाटलेलं वाक्य तेच. ज्याला ही गोष्ट खटकते त्याला पुढचं सगळं शिकता येतं.

पुढचा डाव लावाल तेव्हा स्वतः खेळायला बसू नका. डिझायनर टेबलावर असला की खेळाचा तोल बिघडतो. त्याला कुठली चाल फायद्याची हे आधीच माहीत असतं, नियमात भोक दिसलं की तो तिथल्या तिथे बुजवतो, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून खेळतात. वही घेऊन बाजूला बसा. प्रत्येक फेरी सुरू झाली की घड्याळातली वेळ लिहा. कोणता नियम कुणी आणि केव्हा पुन्हा विचारला, ते लिहा. पाळी संपल्यावर कुणाचं लक्ष बोर्डावरून उडालं, कुणी मोबाइल हातात घेतला, ‘माझी आली का पाळी?’ असं कुणी विचारलं, हेही. आणि याच्या उलट गोष्टी तर आवर्जून टिपा. कुणी सोंगटीला हात लावून तो मागे घेतला, कुणी दुसऱ्याच्या चालीवर ‘अरे, हे मी करणार होतो!’ म्हणून ओरडलं, कुणी मनातल्या मनात हिशेब करताना ओठ हलवले. या क्षणी खेळ जिवंत आहे. तीन तासांत असे क्षण तीनच आले, तर ते तीन कुठून आले हे शोधा. बाकीचं कापायचं आहे.

डाव संपल्यावर मोघम काही विचारू नका. ‘आपण आता जिंकत नाही असं तुला केव्हा वाटलं?’ ‘कुठली पाळी आठवते?’ ‘जो जिंकला तो कशामुळे जिंकला?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हरलेल्याला देता आलं नाही, तर जिंकणं-हरणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं असं समजा. लोक उपाय भरपूर सुचवतील. ते लिहून घ्या, पण लगेच अमलात आणू नका. कुठे दुखतं हे रोग्याइतकं कुणालाच कळत नाही, औषध मात्र वैद्यानेच ठरवायचं असतं.

या पायरीनंतर खरी परीक्षा. तुम्हाला न ओळखणाऱ्या चौघांच्या हाती खेळ आणि नियमपुस्तिका द्या, आणि तोंड उघडू नका. याला ‘ब्लाइंड प्लेटेस्ट’ म्हणतात. ते चुकीचं मांडतील, एखादा नियम उलटा वाचतील, तुम्हाला जीभ चावून बसावं लागेल. बसा. विकत घेतलेल्या खेळाच्या डब्यातून डिझायनर निघत नाही, नियमपुस्तिका निघते. जिथे चौघंही अडले तिथे वाक्य तुमचं चुकलं आहे. जिथे चौघांनीही एकाच पद्धतीने ‘चूक’ खेळून मजा घेतली, तिथे त्यांचा नियम तुमच्या नियमापेक्षा चांगला असण्याची शक्यता आहे.

आता तुमच्या खेळाकडे येते.

तुमच्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. चार खेळाडू, १५ फेऱ्या, म्हणजे ६० पाळ्या. १८० मिनिटांत ६० पाळ्या, म्हणजे पाळीला तीन मिनिटं. एका खेळाडूच्या वाट्याला आली ४५ मिनिटं, आणि उरलेले सव्वादोन तास तो दुसऱ्यांकडे बघत बसला. बघण्यात त्याला काही गम्य असतं तर हरकत नव्हती. पण दुसऱ्याच्या होडीने कुठे जावं याचा तुमच्या खेळात त्याच्याशी काही संबंधच येत नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाने म्हटलेली ‘बसून राहतात’ ही तक्रार इथली आहे. परीक्षणं लिहिणारे याला ‘डाऊनटाइम’ म्हणतात. त्या ओळखीच्या माणसावरचा राग सोडून द्या. एका डावात या माणसाने तुम्हाला दोन अचूक निदानं दिली, आणि सगळ्या ‘छान आहे’पेक्षा ती मोलाची आहेत.

कटानकडे बघा. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ साली आला आणि त्याच वर्षी ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यात फासे कुणीही टाको, त्या आकड्याच्या जमिनीशेजारी ज्याची ज्याची वस्ती असेल त्या प्रत्येकाला माल मिळतो. शिवाय ज्याची पाळी आहे तो इतरांशी सौदा करू शकतो. म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही तुमचे कान टेबलावरच असतात. तिकीट टू राइडमध्ये वेगळी युक्ती आहे. पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची : पत्ते उचला, मार्गावर रेल्वेचे डबे मांडा किंवा नवी तिकिटं घ्या. पाळी इतकी आखूड की वाट बघतोय असं वाटायच्या आत ती परत येते. सेव्हन वंडर्समध्ये तर सगळे एकाच वेळी पत्ता निवडतात आणि उरलेले शेजाऱ्याला देतात, त्यामुळे सात जण बसले तरी डाव फारसा लांबत नाही. तुमच्या एका पाळीत फासा, चाल, खरेदी-विक्री, होडी आणि घटना अशी पाच कामं आहेत. ती फोडली तरी खूप फरक पडेल. सगळ्यांनी आधी एकेक चाल करावी, मग सगळ्यांचा बाजार एकदम व्हावा, असं करून बघा.

पण याहून मोठी गोष्ट मला तुमच्या पत्रात दिसली. तुमचा खेळ व्यापाराचा आहे आणि त्यात खेळाडूंचा एकमेकांशी व्यापारच नाही. प्रत्येक जण बंदराशी, ठरलेल्या भावाने, एकट्याने व्यवहार करतो. चार माणसं एका बोर्डावर चार वेगळे खेळ खेळतायत.

भाव हलता करा. समजा, बंदरात मिरीच्या पोत्याला पाच नाणी मिळतात. एक पोतं विकलं की भाव एकाने उतरतो, फेरी संपली की एकाने चढतो. एवढाच नियम. आता ज्याच्याकडे तीन होड्या भरून मिरी आहे त्याला १५ नाणी मिळणार नाहीत. पाच, चार आणि तीन मिळून १२ मिळतील. त्याच्यामागून येणाऱ्याला दोनच. मग तो मागचा माणूस ठरवेल की मी मिरी आणतच नाही, मीठ आणतो, किंवा त्याच्या आधी पोचतो, किंवा दोन फेऱ्या माल दाबून ठेवतो. एकाएकी दुसऱ्याच्या होडीत काय आहे याकडे सगळ्यांची नजर लागेल. शहरांना वीज पुरवायच्या पॉवर ग्रिड या खेळातल्या इंधनाच्या बाजारात असंच काहीसं होतं. जसजसं इंधन उचललं जातं तसतसं उरलेलं महाग होत जातं, आणि दुसऱ्याची खरेदी थेट तुमच्या खिशाला लागते. तुम्हाला माझ्याकडून एकच बदल घ्यायचा असेल तर हा घ्या.

कारण यातून तुमचं दुसरं दुखणंही हलकं होतं. निम्म्यात विजेता का कळतो? जास्त होड्या म्हणजे जास्त माल, जास्त माल म्हणजे जास्त नाणी, जास्त नाण्यांतून आणखी होड्या. समजा, एक होडी फेरीला चार नाणी कमावते आणि नवी होडी आठ नाण्यांना मिळते. ज्याला काही आडवं आलं नाही त्याच्याकडे दुसऱ्या फेरीअखेर दोन होड्या होतात, तिसरीत तीन, चौथीत चार. ज्याची पहिल्या दोन फेऱ्यांची कमाई वादळात गेली, तो चौथ्या फेरीअखेर जेमतेम दुसरी होडी घेतो. चार विरुद्ध दोन, आणि अजून ११ फेऱ्या बाकी. त्या अभाग्याने एकही चूक केलेली नाही. पुढे त्याने कितीही डोकं लावलं तरी ही दरी रुंदावतच जाणार, आणि हे त्याला कळतंही. म्हणून तो मोबाइल काढतो.

तुमच्या पाच नाण्यांनी या चक्राला काही होत नाही. चक्र तसंच फिरत राहतं, वरून फक्त ठिगळ लागतं. त्यात दोन नवे त्रास आहेत. मदत मिळते म्हटल्यावर हुशार खेळाडू मुद्दाम शेवटी राहील, माल न विकता बसून राहील आणि अखेरच्या दोन फेऱ्यांत सगळा बाहेर काढेल. शिवाय ज्याला खरोखर मदत मिळते त्याला ती नकोशी वाटते. टेबलावर सगळ्यांदेखत ‘घे बाबा पाच नाणी’ हे कुणाला आवडेल? पुढच्याला पुढे राहण्याची किंमत खेळाच्या रचनेतूनच मोजावी लागली पाहिजे.

डोमिनियनने हे ज्या सुबकपणे केलं आहे त्याला तोड नाही. २००८ चा हा डोनाल्ड व्हॅकॅरिनो यांचा खेळ. त्यात प्रत्येक जण खेळता खेळता आपला पत्त्यांचा गठ्ठा वाढवत नेतो. जिंकण्यासाठी गुण हवेत, आणि ते गुणही पत्त्यांच्याच रूपात विकत घ्यायचे असतात. आठ नाण्यांचा ‘प्रॉव्हिन्स’ घेतला की सहा गुण मिळतात, पण तो पत्ता गठ्ठ्यात जाऊन बसतो आणि पुढे हातात आला की त्या पाळीला काहीच कामाचा नसतो. म्हणजे जो गुण गोळा करायला लागला त्याचं कमाईचं यंत्र आपोआप मंदावतं. कुणी कुणाला मदत केली नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, आणि कधी थांबून गुणांकडे वळायचं हा खेळाचा सगळ्यात चवदार निर्णय होऊन बसला. पॉवर ग्रिडमध्ये याचा जास्त उघड अवतार आहे : ज्याच्याकडे सर्वाधिक शहरं तो इंधन सगळ्यांत शेवटी, म्हणजे चढ्या भावाने घेतो आणि शहरंही शेवटी जोडतो. त्यामुळे अनुभवी खेळाडू मुद्दाम थोडे मागे राहतात. काहींना ते आवडत नाही, मला स्वतःला ते डोमिनियनइतकं नितळ वाटत नाही. पण चालतं.

तुमच्या खेळात हे कसं आणाल? आज नाणी हीच कमाई आणि नाणी हाच विजय. ते वेगळं करून बघा. शेवटी नाणी मोजायची नाहीत, गुण मोजायचे, आणि गुण मिळवायला काहीतरी कायमचं सोडावं लागेल असं करायचं. उदाहरणार्थ, एखादी होडी नदीतून काढून बंदरात कायमची बांधली की तिथली वखार तुमची झाली, तिचे गुण तुमचे, पण कमावणारी होडी एक कमी. ज्याच्याकडे चार होड्या आहेत त्याच्यापुढे आता खरा पेच आहे. लवकर बांधावं तर कमाई घटते, उशिरा बांधावं तर चांगली बंदरं जातात. आणि दोन होड्यावाल्याने हवं ते बंदर आधीच अडवलं तर तो डावात परत येतो. हे जसंच्या तसं चालेल असं नाही, आकडे तुम्हाला घासूनपुसून ठरवावे लागतील. दिशा ही आहे.

घटनांची पानं. एका डावात ६० पाळ्या, पाळीला एक पान, पानं ६२. म्हणजे पहिल्याच डावात दोन सोडून सगळी पानं पाहून होतात. विविधतेसाठी तुम्ही ती लिहिलीत आणि दुसऱ्या डावासाठी नवं काही शिल्लकच ठेवलं नाहीत. पण त्याहून मोठी अडचण अशी की पान चालीनंतर उघडतं. आधी मी विचार करून चाल केली, मग वादळाने ती बुडवली, आणि माझा विचार फुकट गेला. नशीब निर्णयाच्या आधी समोर आलं तर ते मला काहीतरी ठरवायला लावतं. निर्णयानंतर आलं तर ते फक्त निकाल सांगतं. दोन्हीला खेळात जागा आहे, पण तीन तासांच्या डावात दर पाळीला नुसता निकाल ऐकत बसणं फार होतं.

२००८ सालीच आलेल्या मॅट लीकॉक यांच्या पँडेमिकमध्ये, म्हणजे रोगाच्या साथी आवरायच्या खेळात, साथीचं पान निघालं की आधी येऊन गेलेली शहरांची पानं पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवतात. आता नेमकं कुठलं शहर येईल ते माहीत नसतं, पण याच शहरांपैकी येणार हे पक्कं माहीत असतं. सगळा ताण त्या अर्धवट माहितीतून येतो. कटानमध्येही दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा आणि आठ हे आकडे प्रत्येकी पाच वेळा येतात, दोन आणि १२ एकेकदाच, आणि हे बोर्डावरच्या चकत्यांवर ठिपक्यांनी छापलेलं असतं. नशिबावर ताबा नसला तरी पैज कशावर लावायची हे खेळाडू ठरवतो.

तेव्हा ६२ मधली सगळ्यांत बोलकी २० पानं ठेवा. पाळीला एक असं न करता फेरीला एक पान उघडा, आणि पुढच्या दोन फेऱ्यांची पानं आधीच सुलटी मांडून ठेवा. दोन फेऱ्यांनी वादळ येणार हे दिसत असताना भरलेली होडी नदीत ढकलायची की नाही, हा खेळ झाला. ‘पुढे असलेल्याची दहा नाणी काढून घ्या’ छापाची पानं असतील तर ती पहिल्यांदा काढा. त्यांनी टेबलावर फक्त रुसवे वाढतात, आणि शेवटी जिंकायची शक्यताच न उरलेला माणूस कुणाला पाडायचं ते ठरवून विजेता निवडतो. होडीच्या फाशाचंही थोडं बघा. एक फासा टाकून पडेल तेवढं जायचं, यात ठरवण्यासारखं काही नाही. दोन टाका, एक होडीला वापरा, दुसरा भाव हलवायला. कुठला कशाला, हे खेळाडूवर सोडा.

फेऱ्या १५ कशाला, हाही प्रश्न स्वतःला विचारा. विंगस्पॅनमध्ये चार फेऱ्यांत प्रत्येकाला अनुक्रमे आठ, सात, सहा आणि पाच अशा एकूण २६ पाळ्या मिळतात. पाळीगणिक खेळाडूची ताकद वाढत जाते आणि पाळ्या कमी होत जातात, त्यामुळे शेवट रेंगाळत नाही. लोक ‘अजून एकच फेरी असती तर’ म्हणत उठतात. तुमचा डाव आठ फेऱ्यांवर आणून बघा. मला वाटतं दीड तासाच्या आत येईल आणि काहीही हरवणार नाही.

हे सगळं एकदम करू नका. एका वेळी एकच बदल, मग दोन-तीन डाव, मग पुढचा. नियमपुस्तिकेवर तारीख टाकत चला, म्हणजे कुठल्या बदलाने काय झालं ते कळेल. आणि हे सगळं कागदाच्या चिठ्ठ्यांवर, पेन्सिलीने. जुन्या पत्त्यांवर प्लास्टिकचं कव्हर चढवून आत चिठ्ठी सरकवली की पाच मिनिटांत नवं पान तयार होतं. चित्रं बाजूला ठेवा म्हणाले ते याचसाठी. मन लावून रंगवलेलं पान फाडायला हात धजत नाही, आणि देखण्या वस्तूला नावं ठेवायला खेळणाराही कचरतो.

चोरीची भीती मनातून काढा. खेळाची कल्पना किंवा खेळण्याची पद्धत यांना साधारणपणे कॉपीराइटचं संरक्षण नसतं. तुम्ही लिहिलेला मजकूर आणि चित्रं यांना असतं. कल्पना लपवून ठेवल्याने ती सुरक्षित होत नाही, कच्ची राहते. आणि कुणाकडे दुसऱ्याचा अर्धवट खेळ उचलून त्यावर वर्षभर राबायची हौस असते? ज्यांना तेवढी चिकाटी आहे त्यांच्याकडे स्वतःच्या कल्पना असतात. खेळण्याआधी ‘कुणाला सांगणार नाही’ अशा कागदावर सही मागितलीत तर खेळून पाहणारे चांगले लोक पाठ फिरवतील.

५०० प्रतींचं इतकंच सांगते : छापलेला नियम दुरुस्त करता येत नाही, आणि आत्ता तुमच्या खेळाचे पायाभूत नियम बदलायचे आहेत. खेळ पक्का झाल्यावर प्रकाशकाकडे जायचं ठरवलंत तर चित्रं तो बहुधा स्वतःच करून घेईल. त्याला तुमच्याकडून चोख नियम हवे असतात, आणि खेळाडू कोण, वेळ किती, खेळात वेगळं काय, हे सांगणारा एक कागद. साठवलेले पैसे तोवर राहू द्या. घाई कशाची? कटान बाजारात आल्यावरही टॉयबर काही वर्षं आपलं दंततंत्रज्ञाचं काम करतच होते.

मैत्रिणीच्या खेळाबद्दल : परीक्षण लिहू नका, असं माझं मत आहे. चांगलं लिहिलंत तर वाचकाला फसवल्यासारखं होईल, वाईट लिहिलंत तर मैत्रीत अढी बसेल, आणि दोन्हीच्या मधलं लिहिलंत तर ते कुणाच्याच उपयोगाचं नसेल. तिला समोरासमोर सांगा की मी तुझ्या इतका जवळचा आहे की मला यावर जाहीर लिहिता येणार नाही. मग तिच्यासाठी, फक्त तिच्यासाठी, वर सांगितल्या तशा नोंदी करून द्या : कुठल्या फेरीत टेबल शांत झालं, कुठल्या नियमाला सगळे अडले, कुठे सगळे पुढे सरसावून बसले. पुढच्या आवृत्तीसाठी तिला त्या कामाला येतील, आणि कौतुकाच्या चार ओळींपेक्षा त्या तिला जास्त जवळच्या वाटतील.

इतर खेळांवर मात्र जरूर लिहा, डिझायनरने तर लिहावंच. दुसऱ्याच्या खेळाचं परीक्षण लिहिताना आपल्याला न आवडलेली गोष्ट नेमकी कुठल्या नियमातून येते हे शोधावं लागतं, आणि तीच सवय आपल्या खेळाला कामी येते. मला स्वतःला वाचायला आवडतात ती परीक्षणं एका पाळीचं नीट वर्णन करतात : हातात काय होतं, काय काय करता आलं असतं, काय केलं आणि का. डब्यातल्या सोंगट्या मोजून दाखवणारी परीक्षणं मी अर्ध्यात सोडते. खेळ मला आवडला नाही आणि खेळ फसला आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कपटाने एकमेकांना पाडायचे खेळ तुम्हाला सोसत नसतील तर ते सांगून टाका, म्हणजे ज्याला ते हवेत त्याला तुमच्या नापसंतीतूनही आपला खेळ सापडेल. एका डावावर निकाल देऊ नका. दोघांत चांगला चालणारा खेळ चौघांत रखडतो आणि याच्या उलटही होतं. म्हणून किती डाव खेळलात, किती जण होतात, आणि प्रत विकत घेतली की कुणी पाठवली, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.